मेलेल्याचं सोनं

रविवारी आमचा फाशांचा खेळ असतो. कागदावर एकेक वीर व्हायचं आणि राक्षसांशी लढायचं. काल राक्षस मेला आणि माझा धाकटा भाऊ शिवरुद्र त्याच्या सोन्याचे वाटे करू लागला.

"मेलेल्याचं मला नको रे, माझा नेम आहे," मी म्हणाले.

"असं कसं, आक्का? संगं लढलीस ना? तुझा वाटा तुझाच. कुणाला खाऊ देणार न्हाई मी!"

त्यानं माझ्या कागदावर सोनं लिहिलं. मला भरूनच आलं.

आज पूजेवरून उठले, तर तो दुसराच कागद घेऊन बसलेला. वर्षापूर्वी वारलेल्या आमच्या अप्पांच्या मानवतच्या शेताचं हक्कसोडपत्र.



"सही कर, आक्का. मेलेल्याचं तुला नकोच असतंय ना."