वरच्या मजल्याचं वजन

लिमाच्या टेकडीवर झेनोबियाबाईंना दुकान मोठं हवं होतं, म्हणून एवारिस्तो मिस्त्रीने मधली भिंत पाडून तिथे तुळई बसवली.

"पुढे मजला चढवायचाय, जाड तुळई घाला म्हटलं होतं," बाई कुरकुरल्या.

"मजला आहे कुठे? गच्चीवर नुसते गज उभे आहेत तुमचे! वाकली तर मिशी काढीन, बाई."

त्याने टेकू काढले. तुळई एका जागी वाकली, सरळ झाली, मग हातभर पुढे वाकली. वर कोणीतरी चालत होतं.

"गलेलठ्ठ मांजर असणार," म्हणत तो ऐटीत शिडी चढला. गच्ची रिकामी होती.

"कोणी नाही!" तो वरून ओरडला.

"मिस्त्री, हलू नका," खालून बाईंचा आवाज आला. "तुळई दोन ठिकाणी वाकलीय. दुसरा वाक तुमच्याकडे निघालाय."