फरशीवरून

संयोगिताने सातवं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. ते तिला बघवत नव्हतं. चित्रात तसं भयंकर काही नव्हतं. स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल होतं, रोजचं. पण त्याचे पाय देवळाच्या खांबांसारखे वर गेले होते आणि बैठक कुठेतरी अंधारात हरवली होती. आधीच्या एका चित्रात पिठाचा डबा कड्यासारखा अंगावर येत होता. दुसऱ्यात ओट्याखालचा सिलिंडर दबा धरून बसला होता.

तिच्या वडिलांनी, आबांनी, चाळीस वर्षं पैलवानांची आणि साखर कारखान्यांच्या चेअरमनांची चित्रं रंगवली. माणूस हुबेहूब उतरवावा तर त्यांनीच, असं कोल्हापुरात म्हणायचे. आई गेल्यापासूनच्या तीन महिन्यांत मात्र त्यांनी एकही चेहरा काढला नव्हता. त्यांचं डोकं फिरत चाललंय, अशी धास्ती संयोगिताने घेतली होती. त्यांना वारणानगरला आपल्याकडे न्यायलाच ती आली होती.

आई स्वयंपाकघरात पडली तेव्हा आबा पुढच्या खोलीत रंगवत होते. जागच्या जागी गेल्या, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या एका वाक्यावर संयोगिताने हे तीन महिने काढले होते.

स्वयंपाकघराच्या फरशीवर रंगाचे थेंब वाळले होते. ते खरवडायला ती खाली बसली. एक डाग पार ओट्याखाली गेलेला, म्हणून आडवी झाली. मान वळवली, तर समोर स्टूल उभं होतं. खांबांसारखं. डबा अंगावर येत होता. सातही चित्रं याच जागेवरून काढली होती.

आबा दारात येऊन थांबले. त्यांच्या हातात आठवं चित्र होतं. अर्धवट उघडं दार, त्यापलीकडे इझलचे पाय, आणि त्यांच्या मधोमध पायजमा घातलेल्या माणसाच्या दोन टाचा.

“आबा, आई लगेच गेली ना?” तिने पडल्यापडल्याच विचारलं.

आबांनी हातातलं चित्र दाराला टेकवून ठेवलं.

“भांडं पडल्यागत वाटलं. मग हाक आलीती. एकदाच,” ते म्हणाले. “एका हाकेला चहा, दोन हाकांना पावणं, असं आमचं ठरलंतं. म्हटलं, चहाच हाय. एवढी मिशी पुरी करू, मग उठू.”