उन्हानं उडालेलं स्पिरिट

दुष्काळात साखर कारखान्याच्या आवारात वार्षिक सभा भरली. डिस्टिलरीच्या टाकीतलं स्पिरिट उन्हानं उडून गेलं, सबब तोटा सभासदांनी सोसावा, असा ठराव चेअरमन सुंदररावांनी वाचला. तेवढ्यात त्यांच्या चिरंजीवांची टर्बो बसवलेली गाडी गुरगुरत मंडपाशी थांबली. सभासदांतल्या चकलांब्याच्या कचरूनं नाक वर करून हुंगलं. “चेअरमनसाहेब, धुराला आपल्या स्पिरिटचा वास कावून येतोय?” “पेट्रोल हाय ते. खाली बस बे!” सुंदरराव माइकवरून गरजले. गाडीपायी पुण्याच्या गॅरेजात उन्हाळा काढलेल्या चिरंजीवांना हा अपमान झोंबला. “आबा, पेट्रोलवर कोण बी पळवतंय! मोठा पंप, मोठे इंजेक्टर कावून बसवले मंग? स्पिरिट पेट्रोलच्या दीडपट लागतंय हिला!” सुंदररावांनी तत्काळ सभा संपल्याचं जाहीर केलं. चहा तयार असल्याचंही सांगितलं. चहाला कुणी गेलं नाही. सभासद शांतपणे उठले आणि कारखान्याचं फाटक आतून लावून आले.