शाळेच्या ताब्यातली वर्षं

मृदुलाला खासगी शाळेतून काढून नगरपालिकेच्या शाळेत घालायचं, यावरून वैजयंता नवऱ्याशी महिनाभर भांडली. चौथीतली पोर कॉलेजची गणितं सोडवायची. कानामागे शाळेने बसवलेली चिप तिला सगळं सांगायची. मृदुला कधी अडायची नाही, चुकायची नाही, आणि वैजयंताला त्याचीच भीती वाटायला लागली होती. शेवटी दिगंबर कसाबसा तयार झाला.

"चिप आमची आहे, ती आम्ही काढून घेणार," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तिच्यातलं शिक्षणही जाईल."

"जाऊ दे. शिकेल पुन्हा, हळूहळू," वैजयंता म्हणाली.

चिप काढली. मृदुला आईचा हात धरून घरी आली. दिगंबरने दार उघडताच तिची दीड वर्षाची बहीण सई दुडदुडत आली आणि तिच्या पायांना बिलगली.

मृदुला दचकून मागे सरली. "आई, हे बाळ कुणाचं?"

दिगंबरने शाळेला फोन लावला.

"तीन वर्षांचं सगळंच, आठवणीसुद्धा, चिपमध्ये साठलंय. घरचं वेगळं काढता येत नाही," मुख्याध्यापिका शांतपणे म्हणाल्या. "पण काळजी करू नका. आमच्याकडे जपून ठेवलंय. प्रवेश पुन्हा घेतलात की मिळेल."

दिगंबरने बायकोकडे पाहिलं. सई अजून हात वर करून ताईला उचलून घे म्हणत होती, आणि मृदुला आईच्या पदराआड लपली होती.

"सोमवारपासून येईल म्हणावं," वैजयंता म्हणाली.