एका सेकंदाची खरखर

सकाळी सात वाजता कृष्णस्वामींनी पेटीचं तिसरं बटण दाबलं. आधी खरखर आली, मग त्यांचाच आवाज: "कापी आण."

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. विचारायला आवाज नव्हता. पावसाळ्याआधी तंजावरच्या इस्पितळात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं होतं.

पेटी मुलानं, गुरुराजनं बनवलेली, मेलकावेरीच्या घरीच. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यानं अप्पांना समोर बसवून रोजच्या गरजेची वाक्यं, एका बटणाला एक, थेट तिच्यात म्हणवून घेतली. तिसऱ्या वाक्याला अप्पा अडले. उभ्या संसारात त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. "अगे" म्हटलं की ती यायची.

"अगे म्हणजे कोण, ते पेटीला कसं कळणार? नाव घ्या अप्पा."

अप्पांनी दार लोटून घ्यायला लावलं. मग हळूच म्हणाले, "वत्सला, कापी आण."

पेटीनं पहिल्यांदा ही हाक मारली, तेव्हा वत्सलाबाई कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "पेटीला लाज म्हणून नाय," एवढंच म्हणाल्या, आणि कॉफीत साखर दोनदा घातली.

आज त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झालं रे तिला?"

गुरुराज पेटी उघडून बसला होता. "हिच्यातल्या चिपमध्ये लहान लहान खण असतात, अम्मा. एका खणात एक सेकंदाचं बोलणं मावतं. काही खण कारखान्यातूनच कच्चे येतात. थोडे दिवस धरून ठेवतात, मग सोडून देतात."

"कच्चे कोणचे, ते सांगत नाय तो कारखाना?"

"सांगतो. खूण करून पाठवतो."

"मग?"

कुठल्या खणात काय ठेवायचं याचा आराखडा त्यानं आठवडाभर बसून काढला होता. त्याआधी फक्त एक केलं होतं.

"चिप नवी होती. म्हणून आधी सगळी पुसून घेतली. खुणाही गेल्या."

 नवं भांडं धुतल्याशिवाय चुलीवर चढवायचं नाही, हे वत्सलाबाईंनीच त्याला शिकवलं होतं.

बाकीच्या वाक्यांतला कुठला खण आता दगा देईल, हे सांगता येत नव्हतं. शनिवारी चेन्नईहून नवी चिप आली. या वेळी खुणा आधी वाचायच्या, मग प्रत्येक वाक्य दोन ठिकाणी ठेवायचं, असं त्यानं ठरवलं. तो एक सेकंद मात्र कुठूनच परत येणार नव्हता.

"अम्मा, तेवढं नाव मी म्हणू? माझा आवाज अप्पांसारखाच आहे."

"आईचं नाव घेणार तू? आणि त्यांच्या तोंडी घालणार?"



रविवारी सकाळी नवी चिप टेबलावर काढून, अम्मा पेटी आणून देईल म्हणून तो वाट पाहत बसला. स्वयंपाकघरातून खरखर आली. "कापी आण." थोडं थांबून पुन्हा खरखर.

गुरुराजनं खिडकीतून पाहिलं. अप्पा बाहेर ओट्यावर पेपर वाचत होते; स्वयंपाकघरात एकट्या वत्सलाबाई होत्या.

पेटी अजून आतच आहे, नवी चिप टेबलावरच.