युडीनबाईंनी सांगितलेले दोष

मधल्या मजल्याचं दार उघडलं आणि आधी वास बाहेर आला. आत खारा मासा उकळत होता आणि सगळ्या खिडक्या मुद्दाम बंद होत्या. दारात युडीनबाई उभ्या होत्या, कमरेला टॉवेल खोचून.

"आणखी एक गिऱ्हाईक का?" त्या म्हणाल्या. "या, बघा. लपवण्यासारखं काही नाही."

एल्रिक ग्रिफिथ पाय पुसून आत आला. मागून वेंडेल आला, घरांचा दलाल. जिना चढताना वेंडेलने पुन्हा तेच ऐकवलं होतं. शहराच्या या फ्लॅटबुश भागात असं तिमजली घर आता शोधून सापडत नाही. तळमजला रिकामा आहे, तिथे काकांनी, म्हणजे एल्रिकने, राहायचं. वरच्या दोन मजल्यांच्या भाड्यात बँकेचा हप्ता निघतो. भाडं कमी वाटलं तर भाडेकरू बदलायचे, त्यात काय. हे शेवटचं तो दाराशी येऊन म्हणाला होता, आणि ते आत ऐकू गेलं असणार. एल्रिकला संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं.

खोलीच्या मधोमध बादली होती.

"वरच्या न्हाणीचं पाणी गळतं," बाई म्हणाल्या.

एल्रिकने वर पाहिलं. छतावर एकही डाग नव्हता.

"मावशी, बादली कोरडी आहे," वेंडेल म्हणाला.

"तू गप रे. मार्वाने आज अंघोळ केलेली नाही."

वरच्या मजल्यावरची मार्वा आज कामाला गेली नव्हती एवढं एल्रिकला त्यावरून कळलं. बादली कशासाठी ठेवली आहे तेही कळलं. बाईंच्या जागी तो असता तर त्यानेही ठेवली असती.

मग बाईंनी घराची एकेक खोड सांगितली. उंदीर असे की मांजर त्यांना वाट देतं. घर गरम ठेवणारा बॉयलर मनाला येईल तेव्हा चालतो, आणि त्याच्या मनात जानेवारीत कधी येत नाही. एल्रिक मान हलवत होता. त्या थोड्या निराश झाल्या. मग त्याच्याजवळ येऊन म्हणाल्या,

"आणि आवाज. खाली तुम्ही राहणार ना? मग ऐकून ठेवा. माझे पाय जड आहेत. पहाटे उठते, भांडी आपटते, देवाची गाणी म्हणते. जिन्यात कुणी शिंकलं तर तिन्ही मजले 'देव भलं करो' म्हणतात. एक दिवस दिसला नाहीत तर दोघी येऊन दार ठोकणार. आधीचा मालक याच गोष्टीला वैतागला होता. माणसाला सुखाने मरायचीसुद्धा सोय नाही इथे."

आतापर्यंत बादलीकडे बघणाऱ्या एल्रिकने त्यांच्याकडे पाहिलं.

"खरंच ऐकू येतं? अगदी खालपर्यंत?"

"शब्द न् शब्द. तुमच्या मिसेसना तर एक रात्र झोप लागायची नाही."

"ती मार्चमध्ये गेली," एल्रिक म्हणाला.

बाईंचा हात टॉवेलवरच राहिला. देव तिला जवळ घेवो, असं त्या पुटपुटल्या. वेंडेलने घाईघाईने सांगितलं की खालच्या छताला आतून आवाज अडवणारा थर लावून घेता येतो, मग वर घोडे नाचले तरी कळणार नाही. एल्रिकने बाईंचे आभार मानले आणि तो जिना उतरला.

खाली आल्यावर त्याने वेंडेलला फुटपाथवर थांबायला सांगितलं.

"काका, हा मजला तर तुम्ही दोनदा पाहिलात."

"पाहिला. ऐकायचा राहिलाय."

त्याने दार लावलं आणि तो रिकाम्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. मार्चपासून सगळे त्याला शांती लाभो म्हणत होते. शांती भरपूर लाभली होती. त्याच्या घरात आवाज म्हणाल तर फ्रिजचा. रात्री तोही मध्येच थांबायचा, आणि त्याने एल्रिकला जाग यायची.

इथेही काही ऐकू येत नव्हतं. बादली खोटी होती. उंदीरही खोटे असतील. मग बाईंनी हेही जागा वाचवायला रचून सांगितलं असेल, आणि त्यांना कोण नावं ठेवणार. तो ओट्याला टेकून थांबला. आणखी थोडा वेळ थांबला.

वर धप् झालं. मग पुन्हा. बाईंचे पाय खरोखर जड होते. ते खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. एकामागून एक खिडक्या वर ढकलल्याचा आवाज झाला. कुणीतरी नळ सोडला आणि पाणी भिंतीतून, एल्रिकच्या खांद्याजवळून, खाली गेलं. मग बाई जिन्याकडे तोंड करून ओरडल्या असाव्यात.

"मार्वा, गेला गं तो. बिचारा चांगला होता. पण आता काही परत येत नाही."

सर्वात वरच्या मजल्यावर कुणी हसलं. तेही खाली आलं.

एल्रिकने डोळे पुसले. मग तो छताकडे बघून, समोर माणूस असल्यासारखा, नेहमीच्या आवाजात बोलला.

"युडीनबाई, मी घर घेतोय. कुणी कुठे जायचं नाही."

वरचे पाय जागच्या जागी थांबले. नळही बंद झाला.

मग वरून प्रश्न आला. हळू आवाजात होता, तरी नीट ऐकू आला.

"जेवलात का?"