कोंबडा की कोंबडी

वैशाख सरत आला, तरी महाबळेश्वरच्या त्या रोपवाटिकेत सावलीतला बर्फ वितळला नव्हता. शाल लपेटून आलेल्या यमुनाबाईंना परसात एकच फळझुडूप लावायचं होतं. वाऱ्याचा आडोसा तेवढ्याच जागेला होता.

"काकू, ही लडाखची सीबकथॉर्न न्या, कसल्याही थंडीत तगते," रोपवाटिकेतली शलाका म्हणाली. "हे करवंद मी प्रयोगशाळेत घडवलंय. पण फार कडक हिवाळा पडला, तर दगा देईल."

आपला तो बाब्या म्हणायची जगाची रीत. आपल्याच झाडाची खोट सांगणारी ही शास्त्रज्ञ यमुनाबाईंना भलतीच आवडली. हवामान पालटून इथे बर्फ पडू लागल्यावर डोंगरातल्या करवंदाच्या जाळ्या गारठून मेल्याला तर जमाना लोटला होता. त्यांनी एक काळंभोर करवंद तोडलं. बोटांना चीक लागला. पोरीने चीकसुद्धा राखला होता!

त्यांनी करवंद मुठीत लपवलं. "सांग, कोंबडा की कोंबडी?"

आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. शलाका हसली. "मला नाही सांगता येणार."

"अगं, तूच घडवलंस ना?"

"सगळी लाल करता आली असती, काकू. लोक मागतही होते. पण मग हे कुणी कुणाला विचारलं असतं?"

यमुनाबाईंनी मूठ उघडली. मग "कोंबडा!" म्हणत त्यांनी करवंद दातांनी फोडलं.

आत पांढरं होतं.

"हरले गं!" त्या तोंडभर हसल्या. "हेच दे. कडक हिवाळा आला, तर ही शाल त्याला घालीन."